हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून नुसतं "हाताची घडी..." असं म्हणा, त्याचं बोट आपोआप तोंडावर जाईल. मग तो माणूस बँकेत मॅनेजर असो नाहीतर अमेरिकेत इंजिनियर. पिढ्यान् पिढ्या हे वाक्य आपल्या वर्गांमधून घुमत आलंय. आता खरं बघाल तर ही आज्ञा पाळणं अवघडच आहे. दोन्ही हातांची घडी घातल्यावर बोट कुठल्या हाताचं आणायचं? पाचवीतल्या एका मुलीने मला हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता. मी म्हटलं, "घडी ढिली कर आणि आण."

हा विषय आज निघाला तो आमच्या घरातल्या तरुण मास्तरणींमुळे. माझी एक भाची आणि एक सून अशा दोघी सध्या शिक्षिका आहेत, आणि दोघींची तक्रार एकच. "मावशी (किंवा आई), तुमच्या वेळी छडी होती, पोरं वचकून असायची. आता हात लावायची सोय नाही. पोरं ऐकत नाहीत. वर्ग सांभाळायचा कसा?" फोनवर अर्धवट उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हटलं. तेवढीच माझ्या ब्लॉगवर साचलेली धूळही झटकली जाईल.

तर मंडळी, पहिली गोष्ट. छडी होती म्हणून शिस्त होती हा एक गोड गैरसमज आहे. शांतता होती हे खरं, पण ती वर्गात उभ्या असलेल्या माणसाची शांतता होती. माणूस दाराबाहेर पडला की शांतताही त्याच्या मागोमाग बाहेर जायची. ज्यांनी शाळेत 'ऑफ तास' अनुभवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. एखादे सर रजेवर असले आणि बदली शिक्षक मिळाला नाही की पस्तीस मिनिटं वर्ग पोरांच्या ताब्यात. माझ्या मते वर्गाची खरी परीक्षा घटक चाचणीला होत नाही, ती या ऑफ तासाला होते. मास्तर नसताना पोरं कशी वागतात तेवढीच शिस्त त्यांची स्वतःची. बाकीची उसनी.

या उसन्या शिस्तीवर आपला हुकमी उपाय म्हणजे मॉनिटर. "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही." मग मॉनिटर खडू घेऊन उभा. त्याच्या दोस्तांची नावं कधीच फळ्यावर येत नाहीत. ज्याच्याशी डबा खाण्यावरून भांडण झालंय त्याच्या नावापुढे मात्र पाच फुल्या. यातून बोलणारे गप्प बसायला शिकत नाहीत, मॉनिटरला खूश ठेवायला शिकतात. कुणी चिंचा देतं, कुणी गणिताची वही देतं. पुढच्या आयुष्यात उपयोगी पडणारं शिक्षण आहे म्हणा हे, पण आपल्याला अभिप्रेत असलेलं नव्हे! माझ्या वर्गात मी नावं लिहायची पद्धत ठेवली नाही. मॉनिटरकडे खडू, डस्टर, हजेरीपट आणणं-नेणं आणि खिडक्या लावणं एवढीच कामं.

आता थोडं माझ्या शाळेबद्दल. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवत असे. 2009 साली निवृत्त झाले. आमच्या वर्गांवर पत्रे होते. आमच्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण आला की पत्र्यावर असा काही वाजायचा की माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचत नसे. ओरडून काही उपयोगच नव्हता. म्हणून मग पोरांशी ठरवलं की मी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने आपला हात वर करायचा आणि बोलणं थांबवायचं. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. साठ पोरांचा वर्ग अर्ध्या मिनिटात गप्प व्हायचा. पाऊस थांबल्यावरही आम्ही ती पद्धत चालू ठेवली. घशाला आराम!

पण नुसत्या युक्त्या सांगायला मी बसलेली नाही. युक्त्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. मला सांगायचंय ते एका मुलाबद्दल. नाव लिहीत नाही, तो आता बापमाणूस झालाय.

1988 सालच्या जूनमध्ये तो सहावीत माझ्या वर्गात आला. त्याची कीर्ती त्याच्या आधीच आलेली होती. पाचवीत त्याने एकाचं डोकं फोडलं होतं, एकाचा सदरा टराटरा फाडला होता. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात आणि पाडव्याच्या आगेमागे, कधी त्याच्याही नंतर परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची. पोरं एकतर बरोबर जातात आणि उसाच्या फडात वाढं गोळा करतात, नाहीतर गावात म्हातारीपाशी राहतात. हा आजीपाशी राहायचा.

त्याला कुणी काही बोललं की तो भडकायचा. बोलण्याचा विषय बहुतेक वेळा एकच, "तुझी आई आता येत न्हाई." हे शब्द पुरे व्हायच्या आत याचा हात उठलेला असायचा. मग सरांची छडी, मग दोन दिवस शाळेला दांडी, मग परत तेच. एक गोष्ट मी आल्याआल्याच हेरली होती. तो डबा पहिल्याच तासाला संपवायचा. बाकाखाली वाकून, भाकरीचे मोठमोठे तुकडे तोंडात कोंबून. मधल्या सुट्टीपर्यंत थांब म्हटलं तर माझ्याकडे असं बघायचा, की जणू मधली सुट्टी ही मी रचून सांगितलेली गोष्ट आहे!

ते डोळे मला खूप वर्षांनी एका वेगळ्याच ठिकाणी आठवले. निवृत्तीनंतर मी थोडंफार वाचायला लागले तेव्हा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मार्शमॅलोच्या प्रयोगाबद्दल ऐकलं असेल. 1970 च्या आसपास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांपुढे खाऊ ठेवला. सांगितलं की हा एक आत्ता खाल्लास तरी चालेल, पण मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. पुढे काही वर्षांनी असं दिसलं की जी मुलं जास्त वेळ थांबली होती त्यांनी शिक्षणातही बरी प्रगती केली. झालं! तेव्हापासून जगभरच्या पालकांनी आपापल्या पोरांपुढे खाऊ ठेवून त्यांचं भविष्य बघायला सुरुवात केली.

पण या गोष्टीचे दोन पुढचे भाग आहेत, ते फारसे कोणी सांगत नाही. 2018 साली अशीच पाहणी 900 हून जास्त मुलांवर तपासली गेली. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या प्रगतीचा संबंध बराच फिका पडला. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग अगदी छोटा, 28 मुलांचा. त्यांनी खाऊच्या आधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि "थांब, तुला याहून छान सामान आणून देते" असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, "अरे, चुकलंच, सामान नाहीये." त्यानंतर खाऊ ठेवला. ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती सरासरी 3 मिनिटं.

म्हणजे 3 मिनिटांत खाऊ उचलणारं पोर अधीर होतं असं नाही. ते शहाणं होतं! ज्या जगात 'नंतर देतो' म्हणणारा नंतर देत नाही, त्या जगात हातातली भाकर आत्ताच खाल्लेली बरी. आमच्या या मुलाला आई दर वर्षी सांगून जायची, "संक्रांतीला येते." टोळीतून सुट्टी मिळायची नाही आणि ती यायची नाही. तिचाही नाइलाज होता. पण पोराने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं.

म्हणून माझ्या भाचीला आणि सुनेला माझं पहिलं सांगणं हे, की पोरांना थांबायला शिकवायचं असेल तर आधी आपला शब्द खरा करायला हवा. माझ्या वर्गात दर शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा. ठरलेला म्हणजे ठरलेला. साहेब तपासणीला आले होते त्या शनिवारीही गोष्ट झाली. ते मागच्या बाकावर बसून ऐकत होते. माझा घसा पार बसला होता तेव्हा एका मुलीला पुस्तक देऊन वाचायला सांगितलं आणि मी शेजारी उभी राहिले. "वह्या सोमवारी तपासून देते" म्हटलं की सोमवारी द्यायच्या. हे छोटं वाटतं, पण पोरं हिशेब ठेवत असतात. आणि आधीच फसलेली पोरं तर पैपैचा ठेवतात.

गोष्टीवरून आठवलं. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. मूळ गुजराती, 1932 साली आलेलं, मराठीतही आहे. त्यातला नवा शिक्षक मोठ्या हौसेने पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि पोरं त्याचा पुरता फज्जा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग चिडीचूप होतो. शिस्तीबद्दल मी जेवढं वाचलं त्यात यापेक्षा उपयोगाचं फार थोडं सापडलं. शांततेचा खेळ वाईट नव्हे हं. मॅडम मॉन्टेसरींच्या बालघरातली ती एक फार सुंदर कल्पना आहे. मुलांनी इतकं स्तब्ध बसायचं की एरवी ऐकू न येणारे आवाज ऐकू यावेत, आणि मग लांबून हळूच आपलं नाव कोणी पुकारलं की पाऊल न वाजवता जायचं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचा जो यज्ञ मांडला त्याची पाळंमुळं याच विचारात आहेत. पण गंमत बघा, त्या खेळात पोर गप्प बसतं ते भीतीने नाही. काहीतरी ऐकायचं असतं म्हणून. कशासाठी थांबायचं हे कळलं की थांबणं सोपं जातं. आमचा "गप्प बसा" मात्र नुसताच गप्प बसा असतो!

आता परत त्या मुलाकडे येते. ऑगस्टमध्ये एकदा मारामारी झाल्यावर मी त्याला सुट्टीत ग्रंथालयात बसवलं. रागावले नाही. विचारलं, "हात उठायच्या आधी तुला काय होतं रे?" बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कान तापतेत बाई. मग कायबी दिसत न्हाई."

"आधी कान तापतात आणि मग दिसेनासं होतं?"

"हां."

"मधे किती वेळ असतो?"

हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा. तो विचारात पडला. मग बोटं मोडत म्हणाला, "दोन-तीन आकडे म्हणस्तवर."

मला हवं होतं ते मिळालं होतं. दोन-तीन आकड्यांची फट! रागावर ताबा ठेव, संयम ठेव, असं आपण पोरांना वर्षानुवर्षं सांगत असतो. पण ठेवायचा कुठे ते सांगत नाही. आत त्यांना मुठीएवढी जागा सापडली तर ना. या मुलाची जागा कान तापण्यापासून ते दिसेनासं होण्यापर्यंत होती. त्या जागेत त्याला करण्याजोगं काहीतरी हवं होतं. "मारू नकोस" हे करण्याजोगं नाही, ते न करण्याजोगं आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराला न करणं हे काम जमत नाही.

व्हरांड्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचा रांजण होता. मी म्हटलं, "कान तापले की उठायचं, मला विचारायचं नाही, सांगायचं नाही. रांजणापाशी जायचं, ओंजळभर पाणी कानांना लावायचं, एक पेला प्यायचं आणि परत येऊन बसायचं. मी काही विचारणार नाही."

पुढे गंमत झाली. तो दोन-तीनदा असा उठून गेल्यावर वर्गात कुरबूर सुरू झाली. "त्यालाच का? आम्हालाबी कान हायेत की!" रास्त होतं. मग शनिवारी वर्गाची बैठक घेतली आणि पोरांनाच नियम करायला सांगितले. चार नियम झाले. एका वेळी एकानेच जायचं. जाताना कुणाला चिमटा काढायचा नाही. शंभर आकडे म्हणस्तवर परत यायचं. आणि जो गेला त्याला कुणी "कशाला गेला होतास" असं विचारायचं नाही. हा चौथा नियम एका अगदी अबोल मुलीने सुचवला. मला तो सुचला नसता. पहिल्या आठवड्यात रांजणाकडे वारीच लागली. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गाला काय जुलाब लागलेत का?" दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. महिन्याभराने खरी गरज असलेले चार-पाच जणच उरले. यात दोन पोरं अशी निघाली की ती कधी मारामारी करत नव्हती, पण आतल्या आत रडत बसायची. ती मला तोवर 'शिस्तीची पोरं' म्हणून माहीत होती.

मिशेलच्या बालवाडीतल्या मुलांनीही असंच काहीसं केलं होतं, हे मला मागाहून वाचायला मिळालं. जी मुलं थांबू शकली ती काही दातओठ खाऊन खाऊकडे बघत बसली नव्हती. कुणी तोंड फिरवलं, कुणी डोळे झाकले, कुणी गाणी म्हटली. खाऊ झाकून ठेवला की थांबणं आणखी सोपं जायचं. म्हणजे मनोनिग्रह म्हणजे मोहाशी कुस्ती नव्हे. बऱ्याचदा तो नुसता शहाणपणाने काढलेला पळ असतो. आमच्या पोराने रांजणाकडे काढला तसा.

दुसरी एक गोष्ट मी पूर्ण वर्गासाठी केली. न विचारता मधेच ओरडून उत्तर द्यायची सवय सगळ्यांनाच होती. वहीच्या शेवटच्या पानावर ज्याने त्याने आपला हिशेब ठेवायचा. मधे बोललो की एक रेघ. आठवड्याच्या शेवटी आपणच मोजायच्या. ते पान मला दाखवायचं नाही. खरंच मी कधी बघितलं नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग आम्ही खोटं लिहिलं तर?" मी म्हटलं, "कोणाशी खोटं बोलशील? वाचणारा तूच." पोरं खदखदून हसली, पण रेघा ओढायला लागली. रेघ ओढायला हात पेन्सिलीकडे गेला की तोंड आपोआप मिटतं, हे त्यांच्याही लक्षात आलं. मॉनिटरच्या फुल्यांनी जे वर्षभरात झालं नसतं ते दिवाळीपर्यंत झालं.

दिवाळी आली आणि मुकादमाचे ट्रक गावात लागले. नेमका त्याच आठवड्यात त्या मुलाने शाळेबाहेर एका मोठ्या पोराला दगड मारला. शाळेने ठरवलं की आता पुरे. त्याचे आई-वडील कारखान्याला निघालेच आहेत, दाखला हातात द्यावा आणि पोराला बरोबर पाठवावं. त्याची आई येऊन ऑफिसच्या दारात उभी होती. मी तिच्यासमोरच म्हटलं की वार्षिक परीक्षेपर्यंत मला मुदत द्या, माझ्या वर्गाची जबाबदारी माझी. का म्हटलं? कारण दाखला हातात पडला असता तर ते पोर परत शाळेत आलं नसतं. फडातून परतलेली पोरं परत बाकावर बसल्याचं मी क्वचितच पाहिलं होतं. अकराव्या वर्षी दगड मारला म्हणून जन्मभर ऊस तोडायचा, ही शिक्षा कोणत्या न्यायात बसते?

मुदत मिळाली. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. संक्रांतीला आई आली नाही तेव्हा त्याने आठ दिवस रांजण सोडला आणि परत हात चालवला. मी काही बोलले नाही, फक्त त्याला दिसेल असा रांजणावरचा पेला स्वच्छ घासून ठेवला. नवव्या दिवशी तो उठून गेला.

फेब्रुवारीत आमच्या वर्गाला गणिताचा ऑफ तास पडला. मी शेजारच्या वर्गावर होते. आवाज येत होता, पण गोंधळाचा नव्हे, बोलण्याचा. मधल्या सुट्टीत त्या अबोल मुलीने सांगितलं, की एकाने याला पुन्हा तेच आईवरून चिडवलं होतं. हा उठला. सगळा वर्ग गप्प झाला. हा दारातून बाहेर गेला, रांजणापाशी उभा राहिला आणि शंभरच्या आत परत येऊन बसला. ज्याने चिडवलं होतं तो मुलगा म्हणे पुढचा सगळा तास खाली मान घालून बसला होता. वर्गात मोठं माणूस एकही नव्हतं. शाबासकी द्यायला नाही आणि छडी मारायलाही नाही. मी त्याला याबद्दल कधी काही बोलले नाही. चौथा नियम मलाही लागू होताच ना!

तो मुलगा पुढे दहावी दुसऱ्या खेपेला पास झाला. आज एका कारखान्याच्या वाहतुकीत ट्रॅक्टर चालवतो. मुलगी नर्सिंगला आहे. फार मोठी यशोगाथा नाही ही. पण त्या घरातला कोयता त्याच्या पिढीत खाली ठेवला गेला.

आता छडीबद्दल. शिक्षणहक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षी हे लागू झालं. माझे काही जुने सहकारी म्हणतात, या कायद्याने मास्तरांचे हात बांधले. मला तसं वाटत नाही. 1988 साली हे कलम असतं तर त्या आईला ऑफिसच्या दारात तसं उभं राहावं लागलं नसतं. हात बांधले असतील तर डोकं मोकळं आहे की!

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आज एकेका शिक्षकावर वर्गाखेरीज इतकी कामं आहेत, की पोराला ग्रंथालयात बसवून "तुला काय होतं रे?" असं विचारायला वेळ काढणं हीच मोठी कसरत आहे. माझी सून रात्री अकराला ऑनलाइन माहिती भरत बसलेली मी पाहते. तिच्याकडून संयमाची अपेक्षा करताना हे विसरून चालणार नाही. कारण पोरं आपल्या तोंडाकडे बघून शिकतात. मला राग आला की मी फळा पुसायला घेत असे. सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, स्वच्छ असला तरी. एकदा मागून हळूच आवाज आला, "गप रे, बाईंचे कान तापलेत." मला पाठमोरीच हसू आलं. पण माझाही एक रांजण आहे हे वर्गाला कळलं ते बरंच झालं.

आणखी एक. स्वतःवर ताबा असणं आणि निमूट ऐकणं या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या वर्गातली पोरं मला प्रश्न विचारायची, कधी माझ्याशी वाद घालायची. हात वर करून घालायची एवढंच. आपल्याला गप्प पोरं हवीत की आपलं आपण थांबू शकणारी, हे आधी मनाशी ठरवावं. पहिली लवकर तयार होतात. दुसऱ्यांना वेळ लागतो, आणि अधूनमधून ती आठ दिवस रांजण सोडतात.

घरच्या मंडळींनी "हे शाळेचं आहे, आपल्याला काय" असं म्हणून पान बंद करू नये. नातवाच्या हातातला मोबाइल ओढून घेतल्यावर जो आरडाओरडा होतो तो मीही ऐकते. त्याला आधी सांगा की किती वेळाने ठेवायचा, आणि ठेवल्यावर काय करायचं तेही सांगा. "ठेव आता" एवढंच सांगितलं तर त्याचे कान तापणारच. आणि "रविवारी बागेत नेतो" असं म्हटलं असेल तर रविवारी बागेत न्या. पाऊस असला तर छत्री घेऊन न्या.